गाडी किती वाजताची?

आमच्या कॅन्सरच्या वॉर्डात सिस्टरांच्या टेबलामागच्या भिंतीवर दोन कागद चिकटवलेले होते. एक छापील, इंग्रजीत. केमोचं औषध हातावर किंवा फरशीवर सांडलं तर काय करायचं, ते सांगणारा. दुसरा माझ्या हातचा, रेघा आखलेल्या पानावर निळ्या बॉलपेनानं लिहिलेला: आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, देवळी, राळेगाव, कळंब, समुद्रपूर, वरोरा. प्रत्येक गावापुढे दुपारनंतरच्या गाड्या आणि शेवटच्या गाडीखाली लाल रेघ. इन्स्पेक्शन असलं की मेट्रन मॅडम म्हणायच्या, "तो कागद काढा आधी, हे काय बसस्टँड आहे?" मी काढायची. पाहुणे गेले की पुन्हा लावायची. मी निवृत्त झाले तेव्हा त्या जागी चिकटपट्टीचे इतके थर बसले होते की कागदासोबत भिंतीचा पोपडाच निघाला.

तो कागद कसा आला हे सांगायचं तर माझी चूक सांगावी लागेल.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आमच्या भागातल्या एका मोठ्या दवाखान्यात मला लागून तीन-चार वर्षं झाली होती. सुई लावण्यात माझा हात चांगला होता आणि त्याचा मला थोडा ताठाही होता. राळेगावकडची एक बाई दर एकवीस दिवसांनी यायची. अंडाशयाचा कॅन्सर. पहिल्यांदा आली तेव्हा पोटात इतकं पाणी की गावातल्या बाया तिला दिवस गेले म्हणून हसत होत्या. तिला सिस्प्लॅटिन सुरू होतं. हे औषध कामाचं, पण किडनीवर उठतं. म्हणून त्याच्या आधी आणि नंतर सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या द्याव्या लागतात, त्यात पोटॅशियम, मॅग्नेशियम, मध्ये लघवी वाढवणारं मॅनिटॉल, आणि लघवी किती झाली ते मापून लिहायचं. औषध थोडं, त्याच्या मागंपुढंचं पाणीच फार. सकाळी आठला बाटली लावली तरी संध्याकाळ होते. आणि आठला लावणार कुठून? केसपेपर, रक्ताचा रिपोर्ट, डॉक्टरांची सही, औषधाच्या दुकानासमोरची रांग हे सगळं होऊन दहा वाजलेले असायचे.

ती दर थोड्या वेळानं म्हणायची, "सिस्टर, जरा जोरात सोडा ना पाणी."

मी म्हटलं, "जोरात सोडायला ही काय विहिरीवरची मोटार आहे? गप पडून राहा."

आजूबाजूचे हसले. माझा विनोद मलाही आवडला. तासाभरानं पाहते तर तिच्या नवऱ्यानं बाटलीचं चाक पूर्ण मोकळं केलेलं. मी त्याला सगळ्या वॉर्डासमोर झाडलं. चाक जागेवर आणलं, दुसऱ्या पेशंटकडे गेले, आणि साडेचारच्या सुमारास परत आले तर पलंग रिकामा. शेवटची बाटली पाऊणभर तशीच. नळीच्या टोकाशी सुई लोंबत होती आणि खाली चादरीवर सलाईन थेंब थेंब गळत होतं.

पुढच्या वेळी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीला मार बसलेला. डॉक्टरांनी त्या दिवशी औषध दिलंच नाही. नंतर थांबून दुसरं दिलं, कार्बोप्लॅटिन. ते किडनीला सोसवतं, पण तेव्हा फार महाग होतं. त्यासाठी तिच्या नवऱ्यानं जोडीतला एक बैल विकला. जोडीतला एक बैल विकणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी शेती आहे त्याला सांगायला नको.

मी तिला विचारलं, "अशी पळाली काहून वो त्या दिवशी?" मला राग होताच. ती म्हणाली, "पाच वाजताची गाडी गेली का मंग फाट्यावरून सात किलोमीटर पायी जा लागते सिस्टर. अंधारात. अन् घरी म्हैस याले झाली होती." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही इचारलं असतं तं सांगतलं असतं."

आमचे प्रश्न ठरलेले असतात. जेवण झालं का, उलटी झाली का, ताप होता का, आधी कोणत्या औषधाची रिॲक्शन आली होती का. सगळे कामाचे आहेत. त्यातल्या एकाही प्रश्नात व्यायला झालेली म्हैस, सात किलोमीटर आणि अंधार यांतलं काही येत नाही. किडनी बिघडली ती औषधानं, असं केसपेपरवर लिहिलं गेलं. ती मी न विचारल्यानं बिघडली, हे लिहायला तिथं रकाना नव्हता.

त्याच आठवड्यात ड्यूटी संपवून मी बसस्टँडवर गेले आणि चौकशीच्या खिडकीवर उभी राहिले. आतला माणूस म्हणाला, "बाई, एका गावची विचारा, सगळ्या गावच्या कशाला पाहिजेत?" मी म्हटलं, सगळ्याच गावांना जायचं आहे. तो उठून आत गेला आणि फळ्यावरच्या वेळा त्यानं मला सांगून लिहवल्या. तिथपासून आमच्याकडे केमोच्या दिवशी पहिला प्रश्न हा झाला, गाडी किती वाजताची? आधी जो फाईल घेऊन पहिला आला त्याची बाटली पहिली लागायची, आणि पहिला यायचा तो गावातला, पायी पाच मिनिटांवरचा. आता ज्याची गाडी लवकर, त्याचं औषध आधी. नंबरावरून दोनेक महिने भांडणं झाली. मग लोकच एकमेकांना सांगायला लागले, "तुमची वरोऱ्याची ना? तुम्ही लागा आधी."

दर वर्षी १२ मेला, नाइटिंगेलबाईंच्या जन्मदिवशी, परिचारिका दिन होतो. मेणबत्त्या लावतात, शपथ म्हणतात, पाहुणे करुणेवर बोलतात. एका वर्षी एक पाहुणे म्हणाले, परिचारिका म्हणजे साक्षात माउली. टाळ्या झाल्या. गुलाबाचं फूल मिळालं, ते एप्रनच्या खिशात ठेवून मी नाइटला गेले. आपल्या नर्सिंग कौन्सिलच्या निकषात शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका लिहिलेली आहे. त्या रात्री वॉर्डात चाळीस जण होते आणि मी एकटी. बारा तासांची मिनिटं सातशेवीस, भागिले चाळीस. प्रत्येकाच्या वाट्याला माउलीची अठरा मिनिटं. त्यात रजिस्टर लिहायचं, सकाळची रक्तं काढायची, आणि कोणाचं ऑक्सिजनचं सिलिंडर संपलं तर धावायचं. मला त्या पाहुण्यांचा राग नाही. पण करुणा हा शब्द ऐकला की मला तेव्हापासून भागाकार आठवतो.

अठरा मिनिटांत काय बसतं, हे मात्र मला पुस्तकानं शिकवलं नाही. आमच्या वॉर्डात एक मावशी होती. भांडी घासणं, बेडपॅन, फरशी, सगळं तिच्याकडे. शिक्षण दुसरी. मी नवी असताना माझ्याकडे एक पेशंट ड्रेसिंगला आला. ऑटो चालवणारा, पस्तिशीचा. खर्रा खाऊन खाऊन गालाला आरपार भोक पडलेलं. पाणी प्यायला की गालातून गळायचं.

विदर्भाबाहेरच्या माणसाला खर्रा समजावून सांगावा लागतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना, हे प्लास्टिकच्या पन्नीत घालायचं आणि पानठेल्यावर घासून घासून घोटायचं. गरम होईपर्यंत. मग गाठ मारून खिशात. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, खर्ऱ्याचं काही बिघडलं नाही, कारण तो कारखान्यातून येत नाही, तो नाक्यावरच्या माणसाच्या तळव्यातून येतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं सरकारसोबत २०१६ पासून 'मुक्तिपथ' चालवलं, दारू आणि तंबाखूच्या विरोधात, गावोगाव. तसं काम सगळीकडे व्हायला हवं. आमच्याकडे माणूस यायचा तो तोंड उघडेनासं झाल्यावर. निरोगी माणसाच्या तोंडात आपली तीन बोटं उभी बसतात. यांच्या तोंडात एक जायचं नाही. मी अजूनही लग्नात-बारशात समोरच्या तरुण पोराला म्हणते, "तीन बोटं घालून दाखव बरं." पोरं हसतात. एखादा हसत नाही. त्याला मी बाजूला घेते.

तर तो ऑटोवाला. मी पट्टी सोडली आणि वास आला. त्या वासाला शब्द नाही, सडलेल्या मांसाचा म्हटलं तरी पुरत नाही. मी पट्टी तशीच ठेवून मोरीकडे धावले. ओकून, तोंड धुऊन परत आले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला बोलता येत नव्हतं. पण तो काय समजला ते मला समजलं.

मावशीनं मोरीत मला गाठलं होतं. ती म्हणाली, "बोलत राहा वो बाई. बोलाले लागलं का श्वास तोंडानं चालते, नाकाले काम राहात नाही. अन् त्यालेही वाटते का कोणी आपल्यासंगं बोलून राहिलं."

इतकंच. मास्कमध्ये निलगिरीचा थेंब टाकायला मला शिकवलं होतं, बोलायला शिकवलं नव्हतं. मी परत जाऊन त्याच्या ऑटोबद्दल बोलायला लागले. कोणता रूट? बोटानं दाखवा. एक म्हणजे स्टेशन, दोन म्हणजे सावंगी. दिवसाला किती फेऱ्या? त्यानं दोन्ही हातांची बोटं दाखवली, मग आणखी चार. सुरुवातीला मी माझं नाक वाचवायला बोलत होते, हे कबूल करते. आठवड्याभरानं मला त्याच्या ऑटोच्या इंजिनाची तक्रार माहीत होती, त्याच्या भावानं हप्ता थकवल्याचं माहीत होतं, आणि वास कधी यायचा बंद झाला ते माहीत नव्हतं. वास कमी झालाही होता. अशा जखमेवर मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून ती भुकटी टाकतात. वास ज्या जंतूंमुळे येतो, ते त्यानं मरतात. जुलाब थांबवायच्या साध्या गोळ्या, दोन-चार रुपयांच्या. पट्टी वाळून चिकटली असेल तर ओढायची नाही, सलाईननं भिजवून सुटू द्यायची, नाहीतर रक्त लागतं. दुखण्याची गोळी ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी द्यायची, नंतर नाही. जखमेत अळ्या झाल्या तर टर्पेंटाइनचा बोळा जवळ धरायचा, त्या वर येतात, मग चिमट्यानं एक एक काढायच्या. हे वाचताना ज्यांना कसंतरी होतं त्यांनी थोडं थांबावं. ज्याच्या गालात त्या होत्या त्याला थांबायची सोय नव्हती.

त्याची बायको दाराजवळच्या स्टुलावर नाकाला पदर लावून बसायची. तिला कोणी काही म्हणायचं नाही, मीही नाही. एक दिवस मावशीनं तिला आपली युक्ती सांगितली. दुसऱ्या दिवशी ती स्टूल घेऊन पलंगाजवळ आली आणि सासूच्या तक्रारी सांगायला लागली. गॅसची टाकी कशी संपली, नणंदेनं काय म्हटलं, मास्तरांनी पोराला कसं मारलं. तासभर. तो डोळे मिटून ऐकत होता. डिसेंबरात तो गेला. शेवटच्या दिवसांत ते दोघं, म्हणजे ती एकटीच, खूप बोलली.

ट्रेनिंगमध्ये असताना आम्हा पोरींना सेवाग्रामला आश्रम दाखवायला नेलं होतं. तिथं परचुरे कुटी आहे. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या सोबत होते, पुढं महारोग झाला. घरी जागा नाही, कुठंच नाही, तेव्हा आश्रमात आले. गांधीजी रोज त्यांच्या अंगाला मालिश करायचे. त्याचा फोटो पुष्कळांनी पाहिलेला असेल. आमच्या बाईंनी तिथं आम्हाला सेवेवर चांगलं लांबलचक सांगितलं. त्या वयात माझं लक्ष दुपारच्या डब्याकडे होतं. पुढं, त्या मोरीतल्या प्रसंगानंतर, तो फोटो मला पुन्हा आठवला, आणि त्यातला 'रोज' हा शब्द आठवला. एखाद्या दिवशी हात लावणं कोणालाही जमतं, फोटोपुरतं तर नक्कीच जमतं. व्हाइसरॉय, काँग्रेस, पत्रांचा ढीग हे सगळं असताना रोज, म्हणजे त्यांच्या दिवसात त्या कामाची वेळ ठरलेली असणार. तिथंही कोणीतरी भिंतीवर कागद लावला असेल असं मला उगाच वाटतं.

आता त्या म्हाताऱ्याचं सांगते.

आर्वी तालुक्यातला, फुफ्फुसाचा कॅन्सर, पसरलेला. पोरांनी आल्याबरोबर सांगितलं होतं, "बाबांना सांगू नका, छातीत पाणी झालं एवढंच सांगा." आमच्याकडे कॅन्सर हा शब्द कोणी घेत नाही. 'मोठी बिमारी' म्हणतात, नाहीतर नुसतं 'ते'. पहाटे तीनच्या सुमारास मी राउंड घेत होते. म्हातारा उशीला टेकून जागा. मला म्हणाला, "सिस्टर, एक इचारू का जी? यंदा पाडव्याले सालदार ठेवू का वावर ठेक्यानं देऊन टाकू?"

फेब्रुवारी चालू होता. मी म्हटलं, "बाबा, हे पोरांना विचारा, मला शेतीतलं काय कळतं?" आणि पुढच्या पलंगाकडे गेले. दोन पलंग पुढं गेल्यावर पाय थांबले. माझे वडील शेतकरी. गुढीपाडव्याला सालगडी ठरतो, वर्षभरासाठी. ज्याला पुढचा पाडवा दिसतो तो सालदार ठेवतो. ज्याला दिसत नाही तो वावर ठेक्यानं देतो आणि पैसे मोजून घेतो. म्हाताऱ्यानं मला शेतीचं विचारलंच नव्हतं.

परत गेले. पलंगाच्या कडेला बसले, जे करायला आम्हाला मनाई असते. मी खोटं बोलू शकत नव्हते आणि खरं सांगायचा मला अधिकार नव्हता. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला काय वाटते?"

"मले तं वाटते ठेक्यानं द्यावं."

"मग तसंच करा," मी म्हटलं. "वावराचं तुमच्याइतकं कोणाला समजत नाही."

त्यानं मान हलवली. मग पाणी मागितलं. सकाळी त्यानं थोरल्याला बोलावून ठेक्याचं बोलणं सुरू केलं आणि पोरगा रडत बाहेर आला, मला विचारायला की बाबांना कोणी सांगितलं. मी म्हटलं, कोणी नाही. ते खरं होतं. डॉक्टरांना मात्र मी सगळं सांगितलं, आणि त्यांनी दुपारी तिघा पोरांना बसवून समजावलं की बापाला आता लपवाछपवीची दमणूक देऊ नका. मी त्या रात्री बरोबर वागले का? अजून ठरलेलं नाही. काही सिस्टरांना ते पटलं नव्हतं आणि त्यांचंही म्हणणं होतं.

लहानसहान गोष्टी तर किती. डॉक्सोरुबिसिन रंगानं लाल असतं, त्यानं नंतर लघवीही लाल होते. हे आधी सांगायला विसरलं तर घरी गेलेली बाई ती लाली पाहून रात्रभर देवाचं नाव घेत बसते. असं एकदा झालं, दुसऱ्यांदा होऊ दिलं नाही. केस दोन-तीन आठवड्यांत उतरतात. पुरुष टोपी घालून फिरतात, विचारलं तर तिरुपतीला देऊन आलो म्हणतात. बाईला ते जमत नाही. आमच्या आजीच्या पिढीनं बोडकी विधवा पाहिलेली आहे, त्यामुळे नवरा जिवंत असलेल्या बाईला उघडं डोकं हा केसांपुरता प्रश्न राहत नाही. शिरांचं तर विचारूच नका. वेचणी करून बोंडांनी ओरबाडलेले हात, त्यात केमोनं कडक झालेल्या शिरा. गरम पाण्याची पिशवी, हात पलंगाखाली लोंबत ठेवायचा, दोनदा टोचून नाही सापडली तर तिसऱ्यांदा मी टोचायची नाही, दुसऱ्या सिस्टरला बोलवायची. ही दोनाची शिस्त मी स्वतःला लावून घेतली, कारण तिसऱ्यांदा टोचताना माणूस पेशंटसाठी टोचत नाही, स्वतःच्या हाताच्या नावासाठी टोचतो.

दुखण्यावर थोडं थांबते, कारण आमच्या भागात सगळ्यात जास्त हाल त्यानंच झाले. तोंडानं घ्यायची मॉर्फीनची गोळी कॅन्सरच्या दुखण्यावर काम करते, हे जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ पासून सांगितलं. पण आपल्याकडे १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला. परवाने इतके की दवाखान्यांनी ती गोळी ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीनं ते बरंच सुटसुटीत झालं. मधली जवळपास तीस वर्षं लोक कण्हत गेले. मी त्यातल्या पुष्कळांच्या पलंगाजवळ उभी होते, हातात डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेऊन, जे पुरणार नाही हे मला ठाऊक होतं.

गोळी मिळायला लागली तेव्हा नवी अडचण आली. ती दर चार तासांनी घ्यायची असते. दुखायच्या आधी, दुखायला लागल्यावर नाही. पहाटे दोनला उठायला नको म्हणून झोपताना दुप्पट. आणि सोबत पोट साफ व्हायचं औषध रोजच्या रोज, कारण त्या गोळीनं पोट बांधलं जातं. एका घरी मी सहा, दहा, दोन, सहा, दहा असे आकडे लिहून दिले. आठवड्यानं पाहते तर गोळ्या तशाच. त्या घरी चालतं घड्याळच नव्हतं, आणि म्हातारीला आकडे वाचता येत नव्हते. मग आम्ही दोघी बसलो. सकाळची सहा म्हणजे मुक्कामी गाडीचा हॉर्न. दहा म्हणजे शाळेची पोरं रस्त्यानं जातात तेव्हा. दोन म्हणजे शाळेची मधली सुट्टी. संध्याकाळचे सहा म्हणजे गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना सुरू झाली की. आणि रात्री दिवा मालवताना दोन गोळ्या. म्हातारीनं एकदा म्हणून दाखवलं, चुकली नाही. रविवारी शाळा नसते, हे तिनंच काढलं. म्हणाली, "दितवारी मी अंदाजानं देईन."

सिसिली सॉन्डर्स नावाची एक इंग्रज बाई होऊन गेली. आधी नर्स, पाठ दुखावली म्हणून ते काम सुटलं, मग रुग्णालयातली समाजसेविका, मग डॉक्टर. १९६७ साली तिनं लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स काढलं, मरणाच्या वाटेवरच्या माणसांसाठी. तिचं म्हणणं, या दुखण्यात शरीर एक भाग असतं, बाकी मन, घर, पैसा, देव, सगळं त्यातच दुखत असतं. ट्रेनिंगला हे वाचून मी परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. राळेगावच्या त्या बाईच्या दुखण्यात एक म्हैसही होती, हे मात्र मला पाऊण बाटली सांडल्यावर कळलं.

मुंबईला टाटात जावं लागतं तेव्हा आमच्याकडची माणसं दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरतात. बाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. आमच्या गावचा एक जण तिथं दोन महिने राहून आला. मी विचारलं, उपचार कसे होते? तो म्हणाला, "चांगले होते. तिथं खालच्या चुलीवर आपली भाकर करू देत होते."

निवृत्त होऊन मी माहेरच्या गावी आले त्याला आता काही वर्षं झाली. औषधाचा पैसा आता बराचसा सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून सुटतो, केशरी कार्ड आणि आरोग्यमित्राचा टेबल हे लोकांना ठाऊक झालं आहे. बायांना एसटीत अर्ध तिकीट झालं. बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याचा दिवस यांचं काही झालं नाही. गावात आता तीन घरी 'ते' आहे. एकीकडे मी दिवसाआड पट्टी बदलायला जाते. दोघी केमोला जातात.

मुक्कामी गाडी रात्री आठला येते, ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात, आणि पहाटे सहाला ती परत निघते. परवा केमोवाल्या दोघींतली एक, सोयाबीनच्या सोंगणीतून थेट उठून आलेली, पहिल्यांदाच एकटी चालली होती. नवऱ्याला मजुरी सोडता येत नव्हती. थंडी होती. मी तिला तीन पन्नीच्या पिशव्या दिल्या, अर्धं लिंबू दिलं, आणि कागदावर वॉर्डातल्या सिस्टरसाठी दोन ओळी. कंडक्टर डोळे चोळत आला. तिच्या डोक्याला बांधलेला रुमाल पाहिला, हातातली फाईल पाहिली, आणि चाकावरच्या जागेवरून तिला उठवून पुढं बसवलं.

"मागं दणके लय बसतात," तो म्हणाला. मग तिकीट फाडता फाडता विचारलं, "परत कोणत्या गाडीनं येता, ताई?"

ती माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हटलं, "पाचच्या. पण उशीर झाला तर तिथून तुम्हाला फोन लावेल, जरा थांबवा."

"पाच मिनटं थांबवतो," कंडक्टर म्हणाला. "दहा नाही होणार बाई, डेपोत बोलतात."

त्यानं नंबर दिला, तिनं तो फाईलच्या मागं लिहून घेतला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पलीकडच्या घरात म्हातारी उठली असणार, गोळीचा डबा शोधत.